मुक्या लॅपटॉपची जीभ

माझ्या दुकानात येणारी निम्मी गिऱ्हाइकं मशीन घेऊन येतात आणि निम्मी नुसता राग घेऊन येतात. "आवाज येत न्हाई" ही तक्रार करणारे बहुधा दुसऱ्या जातीचे. पडदा काळा पडला तर माणूस घाबरतो, हात जोडतो, आत ठेवलेले लग्नाचे फोटो वाचवा म्हणतो. पण चित्र दिसतंय, चित्रातल्या माणसांची तोंडं हलतायत आणि आवाज मात्र नाही, असं झालं की त्याला वाटतं, हे यंत्र मुद्दाम करतंय. आणि यंत्राला बोलता येत नाही म्हणून तो मला बोलतो.

शिरूरला एसटी स्टँडच्या अलीकडे, बी-बियाणांच्या दुकानाला चिकटून माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तालुक्यात लिनक्सचं खूळ पसरवलं ते मीच, हा गुन्हा आधीच कबूल करून टाकतो. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटर सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत त्याचा सगळा कारभार एक सिस्टीम बघते. अशा सिस्टीमींतली एक विकत मिळते. आणि दुसरी, ही लिनक्स, जगभरातल्या जाणत्या आणि हौशी लोकांनी मिळून लिहिलेली आहे. कुणीही घ्या, उघडून बघा, बदला, शेजाऱ्याला द्या. जुन्या, धापा टाकणाऱ्या मशीनवरसुद्धा ती मुकाट्यानं चालते. "मुकाट्यानं" हा शब्द मी विचार करून वापरलाय. सगळं झकास चालायचं, फक्त आवाज यायचा नाही.

कोरेगाव भीमाच्या एका दूध डेअरीवाल्या आप्पांनी माझ्या या चळवळीचा निकाल एका वाक्यात लावला होता. "फुकटाचं हाय म्हून मुकं हाय का?"

तसं नव्हतं. आवाज काढणारी चिप मशीनमध्ये असतेच. तिला साउंड कार्ड म्हणतात. पण चिपची भाषा वेगळी आणि सिस्टीमची वेगळी. सणसवाडीच्या एखाद्या कारखान्यात बघा, मालकाला फक्त मराठी येतं, मशीनवरचा पोरगा ओडिशाचा. मध्ये एक सुपरवायझर असतो, त्याला दोन्ही थोडं थोडं येतं, म्हणून माल बाहेर पडतो. कॉम्प्युटरमधल्या या सुपरवायझरला ड्रायव्हर म्हणतात. विकतच्या सिस्टीमसाठी चिप बनवणारेच तो लिहून देतात. आमच्या लिनक्ससाठी पुष्कळदा कुणीतरी परदेशातला भला माणूस अंदाजानं लिहितो. अंदाज चुकला की सुपरवायझर रजेवर.

हे सगळं मी आप्पांना फोनवर सांगायला हवं होतं. मी फक्त एवढंच म्हणालो, "आप्पा, तुमच्या मशीनला ड्रायव्हर नाही. घरात असला तर घेऊन या." मला म्हणायची होती ती मशीनबरोबर आलेली सीडी. दुसऱ्या दिवशी आप्पांची पिकअप दुकानासमोर उभी राहिली. आप्पा उतरले, मागोमाग एक उंच, दाढीवाले गृहस्थ उतरले आणि संकोचानं माझ्यासमोर उभे राहिले.

"ह्यो बशीर," आप्पा म्हणाले. "बारा वर्सं माझ्याकडं हाय. काय काम हाय ते ह्याला सांगा."

बशीरभाई म्हणाले, "साहेब, मेरेको कॉम्प्युटर नहीं आता. ट्रक, ट्रॅक्टर, सब चलाया."

"हा ड्रायव्हर नव्हे आप्पा," मी म्हणालो. "आवाजाचा पाहिजे."

"मग आवाज न्हाई का त्याचा? हॉर्न मारला की नदीवरचा सगळा पूल ऐकतो!"

आता हसताय तुम्ही. पण चूक आप्पांची नव्हती. आपण जे शब्द रोज तोंडात घोळवतो ते समोरच्याच्या कानात जाऊन काय होतात, याचा विचार आमच्या धंद्यात कुणी करत नाही. मीही केला नाही. आणि अनुभवातून मी शहाणा झालो असं वाटत असेल तर पुढचं वाचा.

(वडगाव रासाईच्या शाळेची गोष्ट कंसातच सांगतो, कारण ती उघड्यावर सांगण्यासारखी नाही. शाळेला कुणीतरी भेट दिलेलं मशीन मुकं होतं. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीन वेळा सिस्टीम टाकली, दोन वेळा ड्रायव्हर बदलला, बाईंना परदेशी चिपवाल्यांच्या आडमुठेपणावर व्याख्यान दिलं. बाईंनी ते शांतपणे ऐकलं आणि स्पीकरचं बटण फिरवून आवाज मोठा केला.)

तर आता नसीम.

नसीम दौंडची. रेल्वे लाइनच्या पलीकडे त्यांचं घर. वडील टेलर होते, आता डोळ्यांना सुईचं भोक दिसत नाही म्हणून घरी असतात. नसीमला जन्मापासूनच दिसत नाही. बी.ए. झालेली, बोलायला फटकळ, आणि कीबोर्डवर हात असा चालतो की माझ्यासारख्या दोन बोटांनी टाइप करणाऱ्यानं तोंड लपवावं.

तिचा लॅपटॉप मीच दिलेला. त्याचा पडदा कायमचा गेला होता म्हणून तो माझ्या दुकानात धूळ खात पडला होता, कुणी घेईना. तिनं विचारलं, "बाकी सगळं चालतंय ना? मग मला काय करायचाय पडदा?" मी त्यावर लिनक्स टाकलं आणि पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम बसवला. कर्सर जिथं जाईल तिथलं तो वाचून दाखवतो. आवाज बाप्याचा, एका सुरातला, उपकार केल्यासारखा. नसीमनं त्याचं नाव ठेवलं "तलाठी". म्हणजे इतरांच्या मशीनचा आवाज गेला तर गाणी बंद होतात. तिच्या मशीनचा आवाज गेला तर सगळंच जातं.

दौंडच्या एका कॉलेजच्या ऑफिसात एक जागा निघाली होती. सोमवारी साडेदहाला प्रात्यक्षिक: सांगितलेलं पत्र टाइप करा, वाचून दाखवा, फाईल शोधून द्या. स्वतःचं मशीन आणलं तरी चालेल म्हणाले होते. याआधी दोन ठिकाणी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. एका ठिकाणी तर साहेब तिच्याशी बोललेच नव्हते, वडिलांना म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास करून घेता?" त्यामुळे ही जागा हवीच होती. नुसती नोकरी म्हणून नव्हे. तिला एकदा कुणीतरी खुर्चीत बसवून, "दाखवा काय येतं ते" असं म्हणायला हवं होतं.

शनिवारी ती आणि अब्बा शिरूरला आले. लॅपटॉप माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, "मामा, नुसतं बघून द्या. काही करू नका."

काही करू नका! मेकॅनिकला हे सांगणं म्हणजे न्हाव्याच्या खुर्चीत बसून केसांना हात लावू नका म्हणण्यासारखं. उद्या-परवा पोरीची परीक्षा, मशीन कसं ताजंतवानं पाहिजे, असं म्हणून मी त्यात सगळे नवे सुधार, म्हणजे अपडेट, भरले. चालू असलेल्या मशीनला परीक्षेच्या तोंडावर हात लावू नये, हे मी स्वतः पन्नास जणांना ऐकवलेलं आहे. लॅपटॉपला पडदा नसल्यामुळे मी त्याला माझ्या टेबलावरचा मोठा मॉनिटर वायरनं जोडला होता. सगळं झाल्यावर तिला म्हणालो, "मराठीत दोन ओळी टाइप करून दाखव." तिनं केल्या. तलाठी खणखणीत बोलला. मी खूश.

नसीमनं मान जरा कलती केली. "मामा, आवाज लांबून येतोय."

"रोडवरची गर्दी आहे गं."

"गर्दीचा न्हाई म्हणत मी. तलाठी उजवीकडून बोलतोय. वरनं."

"घरी गेलीस की जवळून बोलेल," मी म्हणालो आणि वायर काढून लॅपटॉप पिशवीत घातला.

वाचकहो, मॉनिटर उजवीकडे होता. टेबलाच्या वरच्या फळीवर होता. आणि त्याला स्वतःचे स्पीकर होते.

रविवारी त्यांच्याकडे लग्न होतं, मशीन पिशवीतच राहिलं. सोमवारी सकाळी सव्वानऊला माझा फोन वाजला.

"मामा, तलाठी मेला."

सुरुवातीला मी नेहमीचं विचारलं, बटण दाबलंस का, चार्जिंग आहे का. तिनं सगळं केलं होतं. पंखा फिरत होता, मशीन सुरू होतं, फक्त बोलत नव्हतं. आणि मग तिनंच विचारलं, "मामा, शनिवारी तुम्ही टीव्हीबिव्ही जोडला होता का ह्याला?"

काय झालं होतं ते तेव्हा कळलं. मशीनमधून आवाज बाहेर पडायच्या दोन वाटा असतात. एक त्याच्या स्वतःच्या स्पीकरकडे, दुसरी वायरनं जोडलेल्या मॉनिटरकडे. माझ्या नव्या सुधारांनी दुसरी वाट पक्की करून टाकली होती. आता तलाठी दौंडमध्ये बसून शिरूरच्या मॉनिटरशी बोलत होता.

पंचेचाळीस मिनिटं होती. दहाला तिला घरातून निघायचं होतं. मोटारसायकलवरून माझं दौंड त्या वेळात होत नाही. म्हणजे फोनवरच करायचं. एरवी मी फोनवर म्हणतो, "पडद्यावर काय दिसतंय ते वाचा." इथे वाचणार कोण? पडदा मेलेला, घरात अब्बा होते ते चष्मा लावूनही काय बघणार! मशीन बोलेना, पडदा दिसेना, तिला दिसेना आणि मला दौंड दिसेना.

"हुकूम लिहायची खिडकी उघड," मी म्हणालो. तिला त्याच्या कळा पाठ होत्या.

"दाबल्या. उघडली का?"

"मला काय माहीत?"

"मग कुणाला माहीत असणार, मामा?"

मागे स्टेशनवर कुठल्यातरी गाडीची घोषणा चालली होती. तिचा आवाज मात्र स्वच्छ येत होता. मी कपाळ चोळत बसलो. मशीनला बोलता येत नाही, दाखवता येत नाही, तर ते "हो" म्हणणार कसं? आणि मला आठवलं की त्या जुन्या लॅपटॉपला सीडीचा कप्पा आहे. एक शब्द लिहिला की तो आपोआप बाहेर येतो.

मी शब्द सांगितला. तिनं लिहिला. काही नाही. पुन्हा लिहिला. काही नाही. खिडकीच उघडत नाही, सिस्टीमच गेली, आता दौंडला जाऊन पाया पडायचं, इथपर्यंत मी पोचलो होतो.

"मामा, शनिवारी तुम्ही मला मराठीत लिहायला लावलं होतं ना?"

"हो."

"मग ते मराठीच चालू राहिलं असंल. मी इंग्रजी म्हणून दाबतेय आन् आत मराठी उमटतंय."

बरोबर. दुसरा घोळही माझाच. तिनं भाषा बदलली, आधीचं पुसलं, शब्द पुन्हा लिहिला. फोनमधून खट् असा आवाज आला आणि पाठोपाठ नसीमचं हसू.

"मामा! जीभ काढली त्यानं!"

मुक्या मशीननं जीभ बाहेर काढली. माझ्या आयुष्यात इतकं गोड कुणी मला वेडावलं नसेल.

आता आमच्याकडे खूण होती. लिनक्समध्ये असं सांगता येतं की अमुक काम जमलं तरच पुढचं कर. म्हणजे, आवाजाची वाट बदल, आणि जमलं तर जीभ काढ. हुकूम लांबलचक होता. इंग्रजी अक्षरं फोनवर सांगायची म्हणजे बी, डी, पी, टी सगळी भावंडंच. म्हणून मी गावं घेतली.

"पाटसचा पी. आलेगावचा ए. चाकणचा सी. तळेगावचा टी. लोणीचा एल. आता जागा सोडा."

गडबडीत मी अहो-जाहोवर येतो, ती माझी फोनवरची सवय.

"सोडली. पुढं?"

असं करत करत आम्ही चाललो. मध्ये दोन टिंबं आली. मी म्हणालो, "आता एकावर एक दोन टिंबं. म्हणजे बघ, दुःख शब्दात दु आणि ख यांच्यामध्ये जे असतं ना..."

"कोलन म्हणा की मामा. दुःख कशाला काढताय सकाळ सकाळ!"

पुन्हा जागा सोडा, मग "जमलं तर"च्या दोन खुणा, पुन्हा जागा सोडा. शेवटी जिभेचा शब्द आणि एंटर. काही नाही. जीभ आत.

माझी वही तपासली. कार्डाचा नंबर शून्य सांगायचा तिथं मी एक सांगितला होता. घड्याळात पावणेदहा. "पहिल्यापासून," मी म्हणालो. ती रडत असेल असं वाटून मी विचारलं, "नसीम?"

"गावं सांगा मामा. मी हाय."

पुन्हा पाटस, आलेगाव, चाकण. पुन्हा जागा सोडा, जागा सोडा. एंटर.

खट्.

"काढली!"

"आता वाचणारा प्रोग्राम बंद करून चालू कर."

तिनं कळा दाबल्या. एक क्षण, दोन क्षण. मग फोनमधून, लांबून नव्हे, उजवीकडून नव्हे, अगदी तिच्या पुढ्यातून, तोच उपकार केल्यासारखा कंटाळलेला आवाज आला. काय बोलला ते मला कळलं नाही. नसीम एवढंच म्हणाली, "आले, तलाठी साहेब आले."

आणि मग खूप लांबून, जवळजवळ गल्लीतून, अब्बांची हाक ऐकू आली. "मामा, अब बैठूँ क्या?"

"अब्बा, तुम बाहर क्या कर रहे?" नसीमनं विचारलं.

फोन पहिल्यापासून मोठ्या आवाजावर होता. मी पहिल्यांदा "जागा सोडा" म्हणालो तेव्हा अब्बा पलंगावरून उठून खुर्चीवर बसले. दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा खुर्ची सोडून मोरीपाशी उभे राहिले. माणूस शिरूरहून एवढ्या काळजीनं सांगतोय, तर मशीनला वारा लागायचा असेल, असं त्यांना वाटलं. नंतर उंबरा, मग पायरी.

"दस बार जगह छोडी," ते म्हणाले. "अब आगे पटरी है, मामा."

फोनवर आम्ही तिघं इतके हसलो की मागच्या गाडीची शिट्टीही ऐकू आली नाही. मग नसीम म्हणाली, "ठेवते. दहा वाजले." आणि गेली.

त्या दिवशी मी दुकानात काय केलं ते मला आठवत नाही. एका माणसाचा प्रिंटर दुरुस्त करून दुसऱ्या माणसाला दिला, एवढं नंतर कळलं. साडेदहाला, अकराला, साडेअकराला मनात तो लॅपटॉप कॉलेजच्या टेबलावर उघडत होता आणि दर वेळी मुकाच निघत होता. माझ्या एका वायरीमुळे एखादीला तिसऱ्यांदा दारातून परत यावं लागलं तर मी तिला काय तोंड दाखवणार? तिला ते दिसणार नाही, ही सोय माझ्या कामाची नव्हती.

चारच्या सुमाराला फोन आला.

"झालं मामा. पत्र लिहिलं, वाचून दाखवलं. फाईलपण काढून दिली. तलाठी नीट बोलला. मग त्यातले एक सर म्हणाले, हे सगळं ठीक आहे हो, पण मशीन बंद पडलं तर? रोज कोण येणार दुरुस्तीला? ऑफिस थांबायचं का तुमच्यासाठी?"

"मग?"

"मी म्हणलं, सर, आज सकाळीच बंद पडलं होतं. सव्वानऊला. दहाच्या आत चालू करून इथं आले. त्यांनी विचारलं, कुणी केलं? मी म्हणलं, माझं मीच."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमचं नाव घेतलं न्हाई मामा. राग आला का?"

"छे गं," मी म्हणालो. "बरं केलंस."

फोन ठेवल्यावर थोडा राग आला. खोटं कशाला सांगू! पाऊण तास घाम मी गाळला, गावं मी सांगितली, जिभेची युक्ती माझी. मग चहा पिता पिता मी हिशेब मांडला. कळा तिनं दाबल्या. मराठी चालू आहे हे तिनं ओळखलं. मॉनिटर जोडला होता हेही तिनंच फोनवरून ओळखलं, आणि त्याआधी शनिवारी माझ्याच दुकानात उभी राहून आवाज कुठून येतोय ते सांगितलं. डोळे असलेल्या माणसाला ते ऐकू आलं नाही. माझ्या वाट्याला उरत होतं ते एवढंच की मशीन मी बिघडवलं. आणि ते नाव तिनं घेतलं नाही, हे तिचे उपकारच.

त्या सरांचं तोंड त्या उत्तरानं बंद झालं असावं. महिन्याभरात तिला पत्र आलं. ती आता त्या ऑफिसात बसते. कॉलेजातली जुनी मशीनं तिनं प्राचार्यांच्या मागे लागून एक एक करून लिनक्सवर आणली. सगळ्यांचा आवाज व्यवस्थित येतो. ती प्रत्येक मशीनसमोर मान कलती करून आधी ऐकते आणि मगच त्यावर सही करते.

मला तिकडून कामाचा फोन येत नाही. एकदा न राहवून मीच केला. म्हणालो, "काय गं, काही बिघडलं-बिघडवलं तर सांगत जा. येतो मी."

"बिघडलेलं मी बघते मामा," नसीम म्हणाली. "बिघडवायचं असंल तेव्हा तुम्हालाच बोलावू."